पंचशीलेचे पहिले पान

मित्रांनो, तुम्ही पुस्तके वाचता, पण मला ओळखत नाही. यात तुमचा काही दोष नाही. मी एक लाकडी गॅली आहे आणि आता पुष्कळ जुनी झाले आहे. पूर्वी छापखान्यात अक्षरांचे खिळे हाताने जुळवत असत. एकेक अक्षर शिशाचे, बोटाच्या पेराएवढे. ते खणातून वेचायचे, ओळीत लावायचे आणि अशा ओळी एका पसरट तबकात मांडत जायचे. ते तबक म्हणजे मी. पुस्तकाचे पान कागदावर उतरण्याआधी माझ्या अंगावर उभे राहत असे. आज रेणापूरला पंचशीलाबाईंच्या घरी माझ्या अंगावर सांडगे वाळत घालतात. मला त्याचे वाईट वाटत नाही. सांडगे हलके असतात आणि म्हातारपणी हलके काम मिळाले तर नको कशाला म्हणायचे?

माझा जन्म लातूरचा. तेव्हा लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातले एक तालुक्याचे गाव होते. गंजगोलाईच्या गोल बाजारामागच्या गल्लीत ईश्वरप्पांचा छापखाना होता. ईश्वरप्पा सकाळी कपाळाला विभूतीचे पट्टे ओढून गल्ल्यावर बसत, लग्नपत्रिका आणि हँडबिले घेत, आणि वर्षाकाठी दोनचार पुस्तकेही काढत. भजनांची छोटी पुस्तके, शाळेची गाईडे, एखाद्या मास्तरांचा कवितासंग्रह. त्यांच्याकडच्या पत्र्याच्या गॅल्या गंजून गेल्या, म्हणून त्यांनी गावातल्या सुताराला मला करायला सांगितले. सुताराने चांगले सागवान घेतले, गुळगुळीत रंधले, तीन बाजूंना काठ बसवले आणि मला घेऊन तो छापखान्यात आला. पण त्याचा जीव काही थाऱ्यावर नव्हता.

"मालक, चवथी बाजू राह्यली बघा. बसवून देऊ का? तिचे पैशे नका देऊ."

ईश्वरप्पा पोट धरून हसले. "अरे बाबा, तिकडूनच तर पान खाली उतरायचं हाय. तीबी बंद केलीस तर आम्ही काय उचलून पालथं घालावं का?"

सुतार गेला, पण जाताना दोनदा मागे वळून बघत गेला. अर्धवट काम दिल्यासारखे त्याला वाटत होते. मला मात्र माझ्या मोकळ्या बाजूचा अभिमान होता. तीन बाजूंनी धरायचे आणि चौथ्या बाजूने सोडायचे, हेच माझे काम. सोडताना माझ्या हातात काहीच नसते, हे मला पुढे कळले.

छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला जुळारी म्हणत. आमचे मुख्य जुळारी होते नागप्पा. सगळे त्यांना मास्तर म्हणत. नागप्पा मास्तरांचा हात मी किती वर्षे पाहिला, पण तो थांबलेला फारसा पाहिला नाही. समोर खिळ्यांनी भरलेली केस, म्हणजे खणाखणांची मोठी लाकडी पेटी, आणि मास्तर तिच्याकडे न बघता क उचलत, मात्रा उचलत, काना उचलत. तोंडाने गिऱ्हाइकाशी बोलणे चालू, हाताने ओळ चालू. पान पुरे झाले की ते माझ्यावर हात ठेवून म्हणत, "शिवा, सांभाळ रे बाबा." ते देवाला म्हणत होते, पण मला वाटे मलाच म्हणतात.

मग तो दुष्काळ आला. बाहत्तरचा. तुमच्या आजोबांना विचारा, ते सांगतील. आमच्या गल्लीतल्या आडाला तळ लागला. लग्ने थांबली म्हणून पत्रिका थांबल्या. ईश्वरप्पा टँकरचे पाणी आणून कोपऱ्यातला रांजण भरून घेत आणि रोज सकाळी सगळ्यांना बजावत, "पाणी जपून वापरा रे. सांडलं तर माझ्याच्यानं पुन्हा मिळणार न्हाई."

त्याच दिवसांत एका सकाळी भामाबाई दारात उभ्या राहिल्या. अंगावर धूळ, तळहाताला फोडांचे घट्टे. रेणापूरच्या बाजूला सरकारी कामावर त्या खडी फोडत होत्या. त्यांच्या मागे त्यांची लेक होती. तीच ही पंचशीला. तेल लावून घट्ट घातलेली वेणी, धुवून धुवून विटलेले पातळ, आणि पायरीच्या खाली थांबलेली.

"मालक, ही माझी लेक. म्याट्रिक पास हाय," भामाबाई म्हणाल्या. "मी खडीवर जाते, पर हिला न्हाई न्यायची मला. हिला बुकं करायचं शिकायचं हाय म्हणतीया."

"बुकं करायचं म्हंजे काय गं?" ईश्वरप्पांनी विचारले.

पंचशीला खाली बघत होती. ती वर बघून म्हणाली, "वाचलेली लई हायती, मालक. आता ती कशी करतेत ते शिकायचं हाय."

ईश्वरप्पांना हे उत्तर आवडले. माणूस मनाने वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवते. दुष्काळात हातचा माणूस काढायचे दिवस होते, तेव्हा त्यांनी नवे माणूस घेतले. त्यांनी तिला आत बोलावले आणि रीत समजावून सांगितली.

"हे बघ पोरी. आधी छापून झालेले खिळे सोडायचे, ज्याच्या त्याच्या घरात. मंग जुळायचं. जुळणी जमली की प्रूफ वाचायचं. प्रूफ जमलं की लेखकाम्होरं बसून पुस्तक ठरवायचं, कागद किती, पानं किती, चित्र कुठं. असं वर चढत जायचं असतंय. आणि आमच्यात एक हाय. पहिलं पान एकट्यानं जुळवून, बांधून, गॅलीवरनं त्या दगडी टेबलावर उतरवायचं. उतरलं तर जुळारी. सांडलं तर घडी-शिलाईत बसायचं, पुन्हा केस मागायची न्हाई. मास्तरांनीबी असंच केलंय, मीबी केलंय."

"मंजूर हाय," पंचशीला म्हणाली. भामाबाईंनी मान हलवली आणि त्या लगेच निघाल्या, कारण खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी जाते.

मित्रांनो, शिकणे म्हणजे काय ते मी पंचशीलेत पाहिले. सुरुवातीला तिची बोटे खणाखणांत चाचपडत. आरशात दिसावे तसे उलटे अक्षर वाचताना तिचे डोळे दुखत. खिळ्याच्या अंगावर एक बारीक खाच असते, ती नेहमी बाहेरच्या अंगाला ठेवायची, म्हणजे अक्षर डोक्यावर उभे राहत नाही, हे मास्तरांनी तिला शिकवले. तिने ते असे शिकून घेतले की पुढे ती डोळे मिटून खाच हाताला लागते का बघायची आणि लागली की हसायची. मास्तर रागावण्यात हयगय करत नसत. "अगं, ओळ ढिली ठेवलीस. ही काय बाजारातली मोकळी रांग हाय का?" असे म्हणून ते ओळ मोडायला लावत. ती मोडायची आणि पुन्हा लावायची. दुपारी बाकीचे पेंगत, तेव्हा ती जुनी प्रुफे घेऊन बसायची आणि मास्तरांच्या खुणा ओठांतल्या ओठांत वाचायची.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. जुळवलेले पान दोऱ्याने बांधायच्या आधी त्याच्यावर पाण्याचा हात फिरवावा लागतो. ओले खिळे एकमेकांना धरून राहतात. कोरडे खिळे कितीही बांधा, मधून सुटतात. हे काम करायची वेळ आली की मास्तर म्हणत, "थांब, पाणी मी मारतो." ते रांजणात तांब्या बुडवत, पाणी आणत आणि पानावर शिंपडत. पंचशीला बाजूला उभी राहून बघायची. तिला तहान लागली की ती ओंजळ पुढे करायची आणि मास्तर वरून ओतायचे. ती पाणी प्यायची आणि तोंड पुसायची. यात मास्तरांच्या मनात काही वाकडे नव्हते. त्यांनी त्यांच्या घरी, त्यांच्या गावी असेच पाहिले होते आणि तिनेही तिच्या गावी असेच पाहिले होते. रांजणाला हात लावू नको, असे तिला कुणी म्हटले नाही. लाव, असेही कुणी म्हटले नाही. मास्तरांनी तिला सगळे शिकवले, फक्त एवढे राहून गेले.

पहिल्या पानाचा दिवस ठरला. एक जनावरांचे डॉक्टर दुष्काळात गुरे कशी जगवावीत यावर पुस्तिका काढत होते. उसाचे वाढे कसे कापायचे, शेवरीचा पाला किती घालायचा, असे सगळे त्यात होते. गावोगावच्या चारा छावणीवर ती वाटायची होती, म्हणून घाई होती. तिचे पहिले पान पंचशीलेने जुळवावे असे मास्तरांनी सांगितले. ती दोन दिवस खपली. शेवटची ओळ लावून झाली तेव्हा तिने माझ्या काठावरून बोट फिरवले. इतके सुबक पान माझ्या अंगावर क्वचितच उभे राहिले असेल. मला आनंद झाला. मी माझ्या परीने ते घट्ट धरले.

त्या दुपारी मास्तर शाई आणायला उदगीरला गेले होते. जाताना सांगून गेले, "बांधून दगडावर ठेव. मी आल्यावर बघतो. भिऊ नको, येतंय तुला." मशीनवाला जेवायला गेला होता. ईश्वरप्पा पुढच्या खोलीत त्या डॉक्टरांशी बोलत होते.

पंचशीला रांजणापाशी गेली. मी टेबलावरून बघत होते. रांजणावर तांब्या पालथा होता. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. दाराकडे पाहिले. ओतायला कुणी नव्हते. तिने पुन्हा हात पुढे केला. मग ती पुढच्या खोलीच्या दारापर्यंत गेली. आत ईश्वरप्पा डॉक्टरांना सांगत होते, "पाण्याचे हाल इचारू नका, डॉक्टर. थेंब थेंब मोजून राहिलोय." ती तिथूनच परत आली.

मला ओरडावेसे वाटले. पोरी, घे की पाणी! ओंजळभर घे, त्यात रांजण आटणार नाही आणि बाटणारही नाही! पण लाकडाला कुठला आवाज? मी नुसती पडून राहिले.

तिला वाटले, पाण्याची उणीव दोऱ्याने भरून काढता येईल. तिने एरवीपेक्षा जास्त वेढे दिले आणि दात लावून दोरा आवळला. तिची बोटे पांढरी पडली. पान वरून अगदी गच्च दिसत होते. पण मला माहीत होते. माझ्या पाठीवर मधल्या ओळी कोरड्याच होत्या आणि आतल्या आत हलत होत्या.

तेवढ्यात ईश्वरप्पा डॉक्टरांना घेऊन आत आले. "या डॉक्टर, तुमचं पहिलं पान बघा. आमच्या नव्या पोरीनं जुळवलंय. आता उतरवणारच हाय." ते कौतुकाने म्हणाले. त्यांना खरोखरच कौतुक होते.

पंचशीलेने मला उचलले. दगडी टेबलाशी नेले. मोकळी बाजू दगडाला टेकवली आणि पान पुढे सरकवले. मधल्या ओळींनी पोट काढले, दोरा वर सरकला, आणि सगळे पान दगडाच्या कडेवरून फरशीवर गेले. मी तीन बाजूंनी धरून होते. चौथ्या बाजूला माझ्याकडे काही नव्हते. त्या दिवशी मला त्या सुताराची आठवण झाली आणि माझ्या अभिमानाची लाज वाटली.

शिसे फरशीवर पडले की मोठा आवाज होत नाही. बारीक बारीक आवाज होत राहतो. तो थांबला. डॉक्टर ओशाळून म्हणाले, "असू द्या, असू द्या," आणि बाहेर गेले. ईश्वरप्पांनी खाली वाकून चिमूटभर खिळे उचलले, बोटांनी चोळून पाहिले.

"पाणी मारलं न्हाईस?"

"न्हाई."

"का गं?"

पंचशीला त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या ओठांवर काहीतरी आलेले मी पाहिले. पण ती काय म्हणणार होती? मालक, तुमच्या रांजणाला हात लावू का, ते मला माहीत नव्हते? असे म्हटले असते तर ते मालकांवर आले असते, मास्तरांवर आले असते. ज्यांनी दारात घेतले त्यांच्यावरच. तिने ते गिळले.

"इसरले," ती म्हणाली.

"इसरलीस? मास्तर रोज तुझ्याम्होरं मारतेत आन् इसरलीस?" ईश्वरप्पांना राग कमी आणि वाईट जास्त वाटले. "जुळणीला ध्यान लागतंय, पोरी. हात चांगला हाय तुझा, पर ध्यान न्हाई. रीत ठरल्याली हाय. उद्यापासनं घडीला बस."

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. त्यांनीही तेच विचारले आणि तिने तेच सांगितले. मास्तर खूप चिडले. माणूस आपल्या आवडत्या शिष्यावर चिडतो तसे चिडले. "लाज काढलीस माझी," एवढे म्हणून त्यांनी केसकडे तोंड केले. ते चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मी दोघांच्या मध्ये टेबलावर पडून होते. सगळे जाणणारी मी एकटीच, आणि नेमकी मीच मुकी.

पंचशीला घडीला बसली. छापलेला मोठा कागद घ्यायचा, दुमडायचा, हाडाच्या पट्टीने दाबायचा, पुन्हा दुमडायचा. मग सुई आणि दोरा. दुष्काळ सरला. लग्ने सुरू झाली. तिचेही झाले. नवरा एसटीत होता, चांगला होता. मुले झाली. ती रोज वेळेवर यायची आणि घडी घालायची. भामाबाई कधी बाजाराला आल्या की दारातून डोकावून विचारायच्या, "काय गं, शिकलीस का बुकं करायचं?" आणि पंचशीला म्हणायची, "शिकायले की, आई." त्या समाधानाने निघून जायच्या. हे ऐकताना मला जो त्रास व्हायचा तो मी तुम्हाला सांगू शकत नाही.

कागद दुमडताना तिची नजर मास्तरांच्या हातावर असे. नवी पोरे येत, जुळणी शिकत, पहिले पान उतरवत. कुणी टिकत, कुणी सोलापूरला, हैदराबादला जात. दर पहिल्या पानाच्या वेळी ती उठून बाहेर उभी राहायची आणि पान उतरले की आत यायची.

मग लातूर जिल्हा झाला. काय ती गडबड! कमानी लागल्या, हलग्या वाजल्या, पेढे वाटले गेले. नवी कचेरी, नवे साहेब, नव्या पाट्या. सगळ्यांना पाकिटे हवीत, पावतीपुस्तके हवीत, अभिनंदनाची पत्रके हवीत. ईश्वरप्पांच्या दारात रांग लागली आणि हात कमी पडू लागले. ते म्हणाले, "आता नवी माणसं घडवल्याबिगर भागायचं न्हाई." म्हणून निलंग्याहून त्यांच्या बहिणीची लेक दानम्मा शिकायला आली. मोकळ्या स्वभावाची, बडबडी पोर.

आल्या आल्या तिने चपला काढल्या, म्हणाली, "मामा, ऊन काय पडलंय हो," आणि सरळ कोपऱ्यात जाऊन रांजणात तांब्या बुडवून घटाघटा पाणी प्यायली. मग टेबलापाशी आली. मास्तर हातात दोरा घेऊन बांधायच्या पानावर पाणी शिंपडत होते. "असं करतेत व्हय?" म्हणत तिने उरलेले पाणी ओंजळीत घेऊन पानावर शिंपडले. मास्तर खूश झाले.

"वा गं वा! हिला न सांगता कळलं बघा," ते मोठ्याने म्हणाले. नवी पोर आली की तिच्या निमित्ताने जुन्यांना टोचायची त्यांची सवय होती. "न्हाईतर आमची पंचशीला. रोज बघून एवढं साधं ध्यानात राह्यलं न्हाई."

पंचशीलेच्या हातातली पट्टी थांबली. दहा वर्षांत तिने मास्तरांना उलट उत्तर दिलेले मी ऐकले नव्हते. तेव्हाही तिचा आवाज चढला नाही.

"मास्तर, तिला कुणी सांगायची गरजच नव्हती," ती म्हणाली. "मला हुती."

मास्तर हसत होते, ते हसणे चेहऱ्यावर तसेच राहिले. त्यांनी तिच्याकडे पाहिले. मग कोपऱ्यातल्या रांजणाकडे पाहिले. मग त्यांच्या हातातला दोरा सुटला. दानम्मेला काही कळले नाही, ती आपली बोलत राहिली. मास्तर स्टुलावर बसले.

सगळे जेवायला गेले तेव्हा ते पंचशीलेजवळ आले. "तू इसरले म्हनली हुतीस," ते हळू म्हणाले.

"मंग काय म्हनायला पायजे हुतं, मास्तर?"

  

मास्तर तसेच पुढच्या खोलीत ईश्वरप्पांकडे गेले. दार उघडे होते, म्हणून मला सगळे ऐकू आले. ऐकून ईश्वरप्पा दुखावले. "मी कधी नको म्हनलो का तिला?" ते म्हणाले. मास्तर म्हणाले, "न्हाई म्हनला. मीबी न्हाई म्हनलो. पर हाव तरी कधी म्हनलो, मालक?"  मग ईश्वरप्पा म्हणाले, "बसवा तिला केसवर. रीत मोडली म्हणा माझ्या नावानं. पर मास्तर, आता बसून ती करंल काय? कामं आवरेनात म्हणून परवाच ऑफसेट मशीन ठरवलंय, त्याला खिळे लागत न्हाईत. पुढल्या महिन्यात हे खिळे इकायचे हायती. सगळं कबूल करून बसलोय मी."

असे झाले मित्रांनो. जिल्हा झाला म्हणून काम वाढले, आणि काम वाढले म्हणून हाताचे काम गेले. यात कुणाचा दोष काढायचा? मी तर काढू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी स्वतःची स्टिक, म्हणजे ओळ लावायची लोखंडी पट्टी, पंचशीलेच्या हातात दिली. तिने ती उलटसुलट करून पाहिली. "आता कशाला, मास्तर?" ती म्हणाली. "माझं ऐक," मास्तर म्हणाले. "एवढं ऐक. आन् पाणीबी रांजणातनं तुझ्या हातानं घे." ती केसपुढे उभी राहिली. घडी घालून घालून तिच्या अंगठ्याला गाठ आली होती, सुईने तर्जनी खरबरीत झाली होती. पण बोटे खणांत गेली आणि त्यांना घरे सापडली. क तिथेच होता. मात्रा तिथेच होती.

खिळ्यांचे काम मात्र एकच शिल्लक होते, बाकीची कामे नव्या मशीनसाठी राखून ठेवली होती. ईश्वरप्पांनी स्वतः मजकूर लिहून आणला आणि तिच्याकडे न बघता केसवर ठेवला. ते एक हँडबिल होते. पंचशीलेने वाचले आणि जुळवायला घेतले. मास्तर शेजारी उभे होते. त्यांनी एकही ओळ मोडायला लावली नाही. पान पुरे झाल्यावर ती कोपऱ्यात गेली, स्वतः पाणी घेतले, पानावर हात फिरवला आणि दोरा बांधला. मला उचलले. दगडाला टेकवले. पान माझ्या मोकळ्या बाजूने असे उतरले की एक खिळा हलला नाही.

मास्तरांनी शाई लावून प्रूफ काढले आणि उजेडात धरले. मीही वाचले. "विकणे आहे. छापखान्याचे जुने सामान. सर्व टाईप वजनावर. केसेस, स्टिका, लाकडी गॅल्या." पंचशीलेने दगडावर उतरवलेले ते पहिले पान. त्यात मीही होते, शेवटच्या ओळीत.

"मास्तर, आता झाले का मी जुळारी?" तिने विचारले.

"झालीस गं माय," मास्तर म्हणाले आणि त्यांनी उपरण्याने तोंड झाकले.

भंगारवाला आला. त्याने खिळे फावड्याने पोत्यात भरले. क आणि मात्रा आणि काना, सगळे एकत्र. लाकडाला त्याच्या लेखी किंमत नव्हती, म्हणून तो मला तिथेच टाकून गेला, आणि पंचशीला मला घरी घेऊन आली.

म्हणून मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या छापखाना काढेल, पुस्तके काढेल, दुकान काढेल, आणि तुमच्या दारात कुणी नवे माणूस शिकायला येईल. त्याला काम शिकवालच. पण "मी कुठे नको म्हटले?" एवढ्यावर निश्चिंत राहू नका. जे तुम्हाला न विचारता घेता येते, ते त्यालाही घेता येईल हे तोंडाने सांगा, आणि पहिल्याच दिवशी सांगा. पंचशीलेला ते दहा वर्षांनी मिळाले आणि एका हँडबिलापुरते पुरले.